पदरावरचा बिल्ला

तुम्ही काय काम करता, असं कोणी विचारलं की मी "इन्शुरन्समध्ये आहे" एवढंच सांगते. समोरचा माणूस लगेच थोडा मागे सरकतो. त्याला वाटतं, आता ही पॉलिसी गळ्यात मारणार. म्हणून घाईने दुसरं वाक्य जोडावं लागतं, की मी माणसांचा विमा काढत नाही, सणांचा काढते. यावर लोक हसतात आणि विषय बदलतो. माझ्या स्वभावाला ते सोयीचं आहे.

लिहिताना तसं सुटता येत नाही, म्हणून नीट सांगते. तुमच्या गॅलरीतली कुंडी खाली पडली आणि रस्त्याने जाणाऱ्याचं डोकं फुटलं, तर त्याच्या दवाखान्याचा खर्च तुमच्यावर येतो. कायद्यात याला दायित्व म्हणतात. आता कुंडीच्या जागी तीस फुटांचं स्वागताचं गेट ठेवा, गॅलरीच्या जागी भर रस्ता आणि एका माणसाच्या जागी आरतीची गर्दी. कायदा तोच राहतो. उलट इथे लोकांना तुम्हीच बोलावलेलं असतं, त्यामुळे "आम्हाला काय माहीत" म्हणायची सोयही उरत नाही. दावा मंडळाच्या नावाने आला तरी नोटीस अध्यक्ष आणि सचिवाच्या घरी जाते. देवाच्या पत्त्यावर कोणी नोटीस पाठवत नाही. ही जबाबदारी ठरावीक हप्ता घेऊन विमा कंपनी स्वतःकडे घेते, आणि घेण्याआधी मांडव बघायला एक माणूस पाठवते. रायपुरात गेली आठ वर्षं तो माणूस मी आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा छत्तीसगढ राज्य नवं होतं. राजधानी झाल्यावर शहरातल्या सगळ्याच सणांची उंची वाढली. रावण वाढला, मूर्ती वाढल्या, गेटं वाढली. "राजधानी को शोभा देना चाहिए, मॅडम," हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक मांडवात ऐकलं आहे. शोभा वाढली होती, पण बांबू जुनेच होते, आणि ते रोवायची पद्धतही जुनीच.

हे काम माझ्याकडे आलं ते ऑफिसात दुसऱ्या कोणाला नको होतं म्हणून. गोदामं आणि राइस मिल यांचा विमा मोठ्या लोकांकडे जायचा. मांडवात जाऊन वायरी बघणं हे त्यांना कमी दर्जाचं वाटे. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, त्यामुळे पॉलिसीतली तीन-तीन ओळींची वाक्यं मला घाबरवत नाहीत. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात, घर गुढियारीत, त्यामुळे बाहेर हिंदी, शेजारी छत्तीसगढी आणि घरात भंडाऱ्याकडची मराठी. तीच वाक्यं समोरच्याच्या भाषेत सोपी करून सांगता येतात. शिवाय मी फार बोलत नाही. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक बरंच बोलून जातात, हे माझ्या धंद्याचं निम्मं भांडवल आहे.

पहिल्याच वर्षी आमच्याच भागातल्या एका दहीहंडीवाल्या मंडळाने फॉर्म भरून आणला. त्यात थर्ड पार्टीबद्दल एक रकाना असतो. अध्यक्षांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "हमारे वार्ड में थर्ड पार्टी का कोई नहीं है। दो ही पार्टी हैं, दोनों का सहयोग है।" मी न हसता त्यांना समजावलं, की पहिला पक्ष तुम्ही, दुसरा आमची कंपनी, आणि या दोघांत जो नाही तो प्रत्येक माणूस तिसरा. भाजी घ्यायला निघालेला, हंडी बघायला थांबलेला, नुसता रस्ता ओलांडणारा. त्यांनी तो रकाना पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मतलब पब्लिक। तो सीधा पब्लिक लिखते ना." त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून मी मांडवात "पब्लिक" असंच म्हणते.

दुसरे एक गृहस्थ चौबे कॉलोनीतले, निवृत्त इंजिनिअर, दिवाळीच्या सामूहिक आतषबाजीचे प्रमुख. त्यांनी मैदानाच्या दाराशी पाटी लावली होती, की कृपया आपल्या जबाबदारीवर यावे. पाटी असल्यामुळे आपली जबाबदारी संपली, असा त्यांचा पक्का समज होता. अशा पाटीने कोर्टात फारसं काही सुटत नाही, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले की लिहिलेलं आहे, वाचलं नाही तर वाचणाऱ्याची चूक. मी विचारलं, ज्या मुलांना अजून वाचता येत नाही त्यांचं काय? पुढच्या वर्षी त्यांनी पाटीवर चित्रही काढून घेतलं. मात्र माझ्या सांगण्यावरून त्यांनी पेटवण्याची जागा दोरीने वेगळी केली आणि रेतीच्या बादल्या ठेवल्या. चित्राचा उपयोग शून्य, दोरीचा भरपूर. तिथे आजवर कोणाला चटका बसलेला नाही, आणि ते गृहस्थ त्याचं श्रेय चित्राला देतात.

हे काम मला येतं, असं म्हणायला मी आता संकोचत नाही. वायर कुठे उघडी आहे, गर्दी वळली तर कुठे अडेल, गेटाचे ताण, म्हणजे आधाराचे दोर, कशाला बांधलेत, हे मला लांबून दिसतं. पण एका वर्षी मी एक चूक केली. ती वायरीची नव्हती, बोलण्याची होती. तिच्यामुळे एक बाई पुन्हा चालणार की नाही, हे आमच्या फाइलवर येऊन ठेपलं.

आमच्याकडे वस्तीला पारा म्हणतात. ब्राह्मणपाऱ्यातल्या एका जुन्या मराठी गणेश मंडळाने त्या वर्षी पहिल्यांदा विमा काढला. सचिव होते मनोहरकाका, सरकारी खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं, मग आडनाव, मग मूळ गाव. आम्ही बौद्ध. आमच्या घरी गणपती बसत नाही, आमची मिरवणूक एप्रिलमध्ये निघते. या तीन प्रश्नांचा क्रम मला पाठ आहे. मी तिन्ही उत्तरं दिली आणि गेटाकडे बघायला लागले. काकाही गेटाकडे बघायला लागले. पुढे त्यांनी मला असं काही कधीच विचारलं नाही, फक्त प्रत्येक वेळी चहा स्वतः आणून द्यायचे.

गेट रेतीच्या ड्रमांत उभं होतं. मी दोन्ही बाजूंनी खांबाला ताण बांधायला सांगितले आणि त्यांनी माझ्यासमोर बांधून घेतले. मग कार्यकर्त्यांचा विषय निघाला. आमच्या पॉलिसीत पब्लिकला झालेली इजा भरून मिळते, मंडळाच्या स्वतःच्या कार्यकर्त्यांना झालेली मिळत नाही. त्यांच्यासाठी वेगळं कलम जोडावं लागतं. काकांना ते कलम पटलं नाही. ते म्हणाले, "आमच्या पोट्ट्यांसाठी आम्हीच आहोत ना जी. त्यांचा काय विमा काढायचा?" मी म्हटलं, ठीक आहे, मग कार्यकर्ता कोण आणि पब्लिक कोण हे तरी स्पष्ट दिसू द्या. कार्यकर्त्यांना बिल्ले द्या.

एवढंच बोलले मी. कागदावर काही दिलं नाही.

काकांना बिल्ल्याची कल्पना फार आवडली. पिवळ्या साटिनचं फूल, मधे गणपती, खाली लाल अक्षरात "कार्यकर्ता". ते इतके छान झाले, की फक्त खुर्च्या उचलणाऱ्या मुलांना द्यावेत हे कोणाला बरं वाटेना. मग पाऱ्यातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना दिले. मूर्ती करणाऱ्याला दिला, गुरुजींना दिला, बंदोबस्ताच्या हवालदाराला दिला. आपल्याकडे मान द्यायचा तर काहीतरी छातीवर लावावं लागतं. शाल महाग पडते, बिल्ला स्वस्त. ज्याने मी माणसं वेगळी काढायला सांगितलं होतं, त्याच बिल्ल्याने त्यांनी सगळ्यांना एक करून टाकलं.

पाचव्या दिवशी सकाळी बायकांचं सामूहिक अथर्वशीर्ष होतं. त्याआधी शाळेच्या मुलींचं लेझीम पथक आत घ्यायचं म्हणून कोणीतरी गेटाचा एका बाजूचा ताण सोडला. मुली आत गेल्या, ताण परत बांधायचा राहिला. पाठ संपता संपता वारा सुटला आणि गेट त्या बाजूने हळूहळू खाली आलं. ज्यांनी पाहिलं त्यांनी मला हेच सांगितलं, की ते धाडकन पडलं नाही, बसल्यासारखं खाली आलं. बाकीच्या बायका सरकल्या. सुमनआजींना सरकता आलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मांडीचं हाड कमरेपाशी मोडलं.

सुमनआजी त्याच पाऱ्यात सुनेबरोबर राहतात. मुलगा वारला. सून मेघा एका खासगी शाळेत शिकवते. जन्म रायपुरातला, मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. तिने शाळेतून आगाऊ पगार उचलून ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं की पुढचे तीन महिने रोज व्यायाम झाला तर या चालतील, नाही तर पलंगावरच. व्यायाम करून घेणाऱ्या बाई घरी यायला तयार होत्या, पण रोज बोलवणं मेघाच्या हाताबाहेरचं होतं.

दोष मंडळाचा होता हे उघड होतं, आणि मंडळाचा विमा होता. पण अशा विम्यात कंपनी आपणहून पैसे देत नाही. ज्याला लागलं त्याने मंडळाकडे लेखी मागणी करावी लागते, मग मंडळ ती आमच्याकडे पाठवतं. हे सांगायला मी गेले तर सुमनआजींनी तोंड भिंतीकडे केलं. म्हणाल्या, "आता गणपतीवर केस करू म्हणते का मी?"

केस नाही, नुसतं पत्र आहे, हे मी दोनदा सांगितलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी मनोहरकाकांनीच खिशातलं पेन काढलं आणि आजींच्या वतीने ते पत्र स्वतः लिहिलं. स्वतःला उद्देशून, स्वतःच्या विरुद्ध. "आपल्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे," अशी सुरुवात केली, आणि वाचून दाखवताना त्यांचा आवाज चढला. "अक्षम्य" काढा, असं आजींनी पलंगावरून सांगितलं. काका म्हणाले, राहू द्या काकू, आहेच तसं. इतक्या वर्षांत मी पुष्कळ दावे वाचले, स्वतःला इतक्या मनापासून झापणारा दुसरा पाहिला नाही.

मग सर्व्हेअर आले. सर्व्हेअर म्हणजे कंपनीचा नोकर नव्हे. दावा खरा किती आणि पॉलिसीत बसतो का, हे तपासणारा बाहेरचा माणूस. साहूसाहेब कमी बोलणारे आणि सरळ. त्यांनी मंडळाचा अल्बम मागवला. त्या सकाळच्या फोटोत पहिल्या ओळीत सुमनआजी होत्या, हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि पदरावर पिवळा बिल्ला. अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. साहूसाहेबांनी फोटो माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, ये तो वर्कर निकलीं."

काकांचा चेहरा पडला. बाहेर येऊन त्यांनी मला हळूच विचारलं, की तो फोटो अल्बमात नसता तर? मी म्हटलं, काका, तो आता साहेबांनी पाहिला आहे, आणि नसता पाहिला तरी मी हो म्हटलं नसतं. ते ओशाळले. म्हणाले, "मान म्हणून दिला होता जी. आम्हाले काय माहीत, मान नडते म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहूसाहेब आजींचा जबाब घ्यायला घरी आले. दोन खोल्यांचं घर, पलंग खिडकीशी. मी पॉलिसीची प्रत घेऊन कोपऱ्यात बसले. खरं तर माझं तिथे काही काम नव्हतं, फक्त भाषेची अडचण आली तर असावी म्हणून त्यांनी बोलावलं होतं. ते येण्याआधीच काकांनी आजींची विनवणी सुरू केली होती. एकच वाक्य बोला, मी दर्शनाला आले होते म्हणा. मेघाही तेच म्हणत होती. "आई, बस इतना बोल दो. झूठ थोड़ी है, दर्शन तो किया था ना."

"दर्शनाले पाहुणे येतात," आजी म्हणाल्या. "मी त्या मांडवात पाहुणी म्हणून कधी गेली नाही."

साहूसाहेबांनी विचारलं, "माताजी, आप मंडल की कार्यकर्ता हैं?"

"हव."

"कब से?"

"तुमचं लग्न झालं होतं का तेव्हा? नाही ना. त्याच्या आधीपासून."

मेघाने डोळ्यांवर हात घेतला. साहूसाहेबांनी लिहून घेतलं. काका दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत उभे राहिले. मला दिसत होतं की आणखी एक ओळ लिहिली की ते पेनाला टोपण लावणार, आणि टोपण लागलं की फाइल बंद.

मी पॉलिसीच्या मागच्या पानावरच्या व्याख्या चाळत होते. कंपनीच्या कागदात शब्दांना बाहेरचा अर्थ नसतो, कागदाने दिलेलाच असतो. तिथे कार्यकर्ता म्हणजे मंडळाने नेमलेली आणि घटनेच्या वेळी मंडळाच्या सूचनेनुसार काम करणारी व्यक्ती, असं होतं. मी ते तीनदा वाचलं. जबाबाच्या मध्ये बोलायचा मला अधिकार नव्हता. दहा माणसांत मी सहसा बोलतही नाही. पण साहेबांनी टोपण उचललं तेव्हा मी त्यांना विचारलं, की एक प्रश्न मराठीत विचारू का. त्यांनी मान हलवली.

मी म्हटलं, "आजी, मंडळातलं काम तुम्हाला कोण सांगतं?"

"काम? मले?" त्यांनी मान वळवून काकांकडे पाहिलं. "मले काम सांगणारा त्या मंडळात अजून झाला नाही. हा मन्या सचिव झाला तं याले आरतीचं ताट धरायचं मी शिकवलं. हा मले काय सांगन?"

काका म्हणाले, "एकदा सांगितलं होतं जी, वाती आणून द्या म्हणून. चार दिवस बोलली नाही माझ्याशी."

"मी आणतच होती ना वाती. तू काहून सांगतो?"

साहूसाहेबांनी मला काय चाललंय ते विचारलं. मी शब्दाला शब्द हिंदी करून सांगितलं, एकही कमी-जास्त न करता, आणि व्याख्येचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, मग काकांकडे त्या दिवसाच्या कामांची यादी मागितली. मांडवाच्या खांबाला चिकटवलेली यादी काकांनी मांडव उतरवताना जपून ठेवली होती, ते जाऊन ती घेऊन आले. चपला, प्रसाद, माईक, लेझीम पथक, सगळ्यांपुढे नावं. सुमनआजींचं नाव कुठेच नाही. का नाही, असं विचारल्यावर काका म्हणाले, त्यांचं नाव यादीत घालायची हिंमत कोणाची?

"फिर ये बैज?" साहूसाहेबांनी फोटोवर बोट ठेवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्थापनेच्या दिवशी मी ताण पुन्हा बघायला गेले होते, तेव्हा काकांनी सगळ्यांसमोर मलाही तो बिल्ला लावला. कंपनीच्या माणसाने ग्राहकाकडून काही घ्यायचं नसतं. तिथल्या तिथे परत करायला हवा होता. मी नाक्यापर्यंत तो लावून चालत गेले, मग काढून पर्समध्ये ठेवला. का ठेवला, हे मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही, इथेही सांगत नाही.

मी साहूसाहेबांना म्हटलं, "सर, ऐसा एक बैज मेरे पास भी है. और बैज बनवाने की सलाह मेरी थी, ज़बानी।"

त्यांनी फोटो बाजूला ठेवला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, की हे मी लेखी देईन का. मी त्याच संध्याकाळी दोन पानी टिपण दिलं. त्यात सगळं लिहिलं. बिल्ला कोणाकोणाला मिळाला, मला मिळाला, सल्ला मी कागदावर दिला नाही, आणि सुमनआजी स्वतःला कार्यकर्ता म्हणवतात, तेही त्यांच्याच शब्दांत. साहूसाहेबांनी आपला निष्कर्ष दिला की बिल्ल्यावरून काहीच सिद्ध होत नाही, या बाई कोणी नेमलेल्या नव्हत्या आणि कोणाच्या सूचनेनुसार वागत नव्हत्या, इतकंच काय, वागल्याचा एकही पुरावा मिळत नाही. दावा मान्य झाला.

मला ज्ञापन, म्हणजे ऑफिसची लेखी समज, मिळालं. ग्राहकाला तोंडी सूचना देऊ नये, भेटवस्तू स्वीकारू नये. बढती एक वर्ष पुढे गेली. ते ज्ञापन योग्यच होतं, आणि टिपण दिल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते त्या आधीच्या एका वाक्याचं. कोण तुमचं आणि कोण बाहेरचं हे मांडवात ठरवायला सांगणं इतकं सोपं नसतं, हे मला तरी माहीत असायला हवं होतं. आता मी बिल्ल्याचं नाव काढत नाही. कागदावर यादी मागते. काम, वेळ, नाव आणि खाली सही. आणि कार्यकर्त्यांचं वेगळं कलम घेतल्याशिवाय मी मांडवातून उठत नाही. आमच्या भागातल्या एप्रिलच्या मिरवणुकीलाही मी ते घ्यायला लावलं. तिथले भैया मला म्हणाले, की दीदी, आपल्याच लोकांवर विश्वास नाही का तुझा? मी म्हटलं, विश्वास आहे, ट्रॉलीवरच्या जनरेटरवर नाही.

पैसे मंजूर झाल्यावर शेवटचा एक कागद असतो, भरपाई मिळाल्याची कबुली. त्यावर सही झाली की चेक निघतो. तो घेऊन मी सुमनआजींकडे गेले. तोपर्यंत व्यायामाच्या बाई उधारीवर यायला लागल्या होत्या, आणि आजी वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत जात होत्या. त्यांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि वर काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणाल्या. कागद इंग्रजीत होता. मी मराठी करून सांगत गेले. तिसऱ्या ओळीत त्यांचं नाव होतं आणि नावापुढे दोन शब्द. मी ते गाळू शकले असते.

"त्रयस्थ व्यक्ती," मी वाचलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मंडळाच्या बाहेरची."

त्यांनी बाहेर पाहिलं. खिडकीतून मांडवाची जागा दिसते. तिथे तेव्हा फक्त स्कूटर उभ्या होत्या.

"चालायचं असन तं बाहेरची व्हा," शेवटी त्या म्हणाल्या. "असं आहे का तुमचं?"

मी म्हटलं, "कागदावर असंच आहे, आजी."

मेघा म्हणाली, "आई, साइन कर दो ना. कागज़ को क्या पता." आजींनी तिच्याकडे पाहिलं, मग वॉकरकडे. पेन मागितलं आणि सावकाश सही केली, श्रीमती सुमन, पुढे आडनाव. मी हात पुढे केला तरी पेन थांबलं नव्हतं. नावाच्या खाली, रेव्हेन्यू तिकिटाच्या शेजारी त्यांनी आणखी एक शब्द लिहिला. कार्यकर्ता. दोन्ही काने, दोन्ही रफार, सगळं व्यवस्थित.

माझ्या बॅगेत त्याच कागदाची दुसरी कोरी प्रत होती. ती आम्ही नेहमीच ठेवतो, कारण लोकांच्या सह्या चुकतात. मी बॅग उघडली नाही. तो कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवला आणि ऑफिसात आले.

आमच्या मॅनेजरांना देवनागरी वाचायला माझी मदत लागत नाही. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि त्या शब्दावर थांबले.

"ये क्या है? पदनाम?"

"नहीं सर. दस्तख़त है। पूरा दस्तख़त."

"तुम्हारे नोट में है, कि वो अपने को ये कहती हैं?"

"है सर. दूसरे पन्ने पर, उन्हीं के शब्दों में."

त्यांनी नोट काढून दुसरं पान वाचलं. मग गोल शिक्का उचलला, कागद थोडा तिरका केला, आणि तो शब्द मोकळा राहील असा शिक्का बाजूला मारला.